उतरलेली पट्टी : लोकगायकांच्या जत्रेतल्या टेपा आणि त्यांच्या दुरुस्तीचा वाद

माणदेशात जत्रांना तोटा नाही. म्हसवडला मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो, खरसुंडीला पौषात खिलार जनावरांचा बाजार भरतो, आरेवाडीला बिरोबाच्या बनात धनगर जमतात. जत्रा म्हटली की तमाशाचा फड आला, गजीचे ढोल आले, भारूड आणि ओव्या आल्या. साधारण १९८०च्या आगेमागे या सगळ्यासोबत टेपरेकॉर्डरही आला. कुणी माईकवाल्याच्या ॲम्प्लिफायरला वायर जोडून गाणं उतरवून घेतलं, कुणी सेलवरचा टेप मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत बसलं. त्या कॅसेटी आज पत्र्याच्या ट्रंकांत, बंद पडलेल्या साउंड सर्व्हिसच्या दुकानांत, निवृत्त मास्तरांच्या कपाटांत पडून आहेत.

या कॅसेटींचं काय करायचं, यावर संग्राहक, अभ्यासक, ध्वनितंत्रज्ञ आणि कलावंतांची घरं यांच्यात बरीच वर्षं चर्चा चालू आहे. तिचा आढावा घेताना मी विषय मुद्दाम आवळला आहे. स्टुडिओतल्या तबकड्या इथे नाहीत. जाहीर कार्यक्रमात उतरवलेली, आणि गायकाच्या नावलौकिकाचा भर ओसरल्यानंतरची टेप, एवढीच डोळ्यांसमोर ठेवली आहे. कारण दुरुस्तीचे सगळे अवघड प्रश्न अशाच टेपेत एकत्र सापडतात.

यंत्र उशिरा पोचलं

पहिली गोष्ट कालक्रमाची. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव १९४५ साली गेले. त्यांच्या लावण्या कागदावर आणि इतरांच्या गळ्यात राहिल्या. फडावर उभं राहून ते रात्रभर कसे गात, हे ऐकायची सोय नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. बैठकीत अर्धा तास रंगणारी लावणी तीत मावत नसे, म्हणून ती छाटून गायली जाई. तबकडीवर जे उरलं तो लावणीचा सांगाडा आहे, बैठक नाही.

टेपवर तासभर सलग मुद्रण होऊ लागलं तेव्हा तमाशाचा आणि संगीत बारीचा बहर उतरणीला लागला होता. वाईच्या यमुनाबाई वाईकरांचं उदाहरण घेऊ. जन्म १९१५चा. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९७७ साली मिळाला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. पद्मश्री २०१२ची, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. २०१८च्या मे महिन्यात १०२ वर्षांच्या होऊन त्या गेल्या. बारीतला त्यांचा भराचा काळ पहिल्या पुरस्काराच्याही कितीतरी आधीचा. वाईजवळच्याच पसरणीच्या शाहीर साबळ्यांचं थोडं वेगळं. त्यांच्या आवाजातलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ २०२३ साली राज्यगीत झालं आणि त्यांचा मुद्रित आवाज कायमचा प्रमाण ठरला. पण ‘महाराष्ट्राची लोकधारा’ घेऊन ते त्या मुद्रणानंतरही वर्षानुवर्षं रंगमंचावर उभे होते, आणि तो पिकलेला आवाज त्या प्रमाण आवाजाच्या सावलीत गेला.

म्हणजे गावोगावच्या टेपांवर प्रामुख्याने उतारवयातले आवाज आहेत. यात नुकसान आहे तसा एक लाभही आहे, तो सहसा कुणी मोजत नाही. संपूर्ण लांबीची लावणी, पूर्ण वग, रात्रभराची धनगरी ओवी ही फक्त याच टेपांवर मिळते, आणि ती गाणारा माणूस त्या गाण्यात पन्नास वर्षं मुरलेला असतो.

संस्थांचं काम समांतर चालू होतं. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं आणि या भागातल्या गायकांना हक्काचं दार मिळालं. मात्र टेप महाग, म्हणून जुनं पुसून त्यावर नवं उतरवण्याची रीत रेडिओच्या जगात सर्वत्रच होती. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या ओव्या जागेवर बसून मुद्रित केल्या. तो १९९२ साली गेला, आणि त्यातल्या बिरोबा आणि धुळोबाच्या कथा ॲन फेल्डहाउस यांच्या पुढाकाराने २०१४ साली इंग्रजी पुस्तकात आल्या. पुण्यात गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या : हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक बायका, लाखाच्या वर ओव्या. १९८२ साली पुण्यातच अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं लोकसंगीत-संग्रहालय सुरू झालं, पुढे ते दिल्लीकडे गेलं आणि आता गुरुग्रामला आहे. म्हसवडात २००८ साली माणदेशी तरंग वाहिनी हा सामुदायिक रेडिओ ९०.४ मेगाहर्ट्झवर बोलू लागला. अशा केंद्राचा पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा, पण ज्यांच्या घरातले आवाज टेपांवर आहेत ते ऐकणारे याच पल्ल्यात राहतात. दुरुस्तीचा प्रश्न त्यामुळे पुण्या-मुंबईच्या संग्रहालयांपुरता उरला नाही.

टेपेवर नेमकं काय असतं

जत्रेच्या टेपा दोन जातींच्या. ॲम्प्लिफायरला वायर लावून केलेली टेप स्वच्छ असते, पण तिच्यात माईकसमोरचा गायकच असतो. मागे उभे राहून ओळ उचलणारे झीलकरी आणि सुरते माईकपासून लांब; ते अंधुक येतात. लोक तर जवळजवळ नसतातच. दुसरी जात रांगेत बसून केलेली. तिच्यात सगळी जत्रा येते : जनरेटर, पाळण्याची करकर, शिट्ट्या, शेजारच्या म्हाताऱ्याचा खोकला. शिवाय साध्या टेपरेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय असे. हलगी कडाडली की यंत्र दचकून सगळाच आवाज खाली ओढतं आणि मग हळूहळू वर सोडतं. हलगीच्या प्रत्येक ठोक्यामागे गायिका अर्धा सेकंद विहिरीत गेल्यासारखी वाटते. हा दोष टेपेच्या क्षयातून आलेला नाही, मुद्रणाच्या क्षणीच पडलेला आहे. म्हणून नुसती टेप साफ करून तो जात नाही.

वर काळाने केलेलं नुकसान आहेच. कॅसेटच्या आतला लोकरीचा छोटा दाब-तुकडा निखळून पडतो आणि टेप हेडला नीट टेकत नाही. नव्वद मिनिटांची फीत साठ मिनिटांच्या फितीपेक्षा पातळ, ती ताणली जाते. गुंडाळून ठेवलेल्या फितीचा एक थर दुसऱ्यावर उमटतो, त्यामुळे गाणं सुरू होण्याआधी त्याचीच फिकट चाहूल ऐकू येते. आणि ज्या यंत्रावर मुद्रण झालं त्याच्या हेडचा कोन आजच्या यंत्राच्या कोनाशी क्वचितच जुळतो. हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवला की झांजेवरचा पडदा सरकतो आणि शब्दांची टोकं उघडतात. जाणकार माणूस संगणक चालू करण्याआधी या स्क्रूवर बराच वेळ घालवतो. पुढे कितीही महागडं सॉफ्टवेअर आणलं तरी इथे गमावलेलं परत मिळत नाही, याबद्दल चर्चेतल्या कुठल्याच बाजूचं दुमत नाही.

तीन भूमिका

पहिली भूमिका संग्रहालयांची. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयएएसएने, आपल्या मार्गदर्शक पुस्तिकांत ती मांडली आहे. मूळ टेपवरचा सगळा ध्वनी, गोंगाटासकट, आहे तसा उतरवायचा; उतरवताना स्वतःच्या आवडीने काही कमीजास्त करायचं नाही; २४ बिट आणि शक्यतो ९६ किलोहर्ट्झ, ४८च्या खाली तर नाहीच; आणि मूळ टेप फेकायची नाही. यामागचा विचार असा की आज जो गोंगाट वाटतो तो उद्याच्या अभ्यासकाला पुरावा वाटू शकतो, आणि उद्याची साधनं आजच्यापेक्षा चांगली असतील. या भूमिकेवरचा आक्षेपही तितकाच सरळ आहे. एवढं करून टेप जपली जाते, पण ऐकली जात नाही. रेडिओवर लावली तर दोन मिनिटांत लोक स्टेशन बदलतात.

दुसरी भूमिका ऐकणाऱ्यांच्या बाजूची. गायकाने गाणं लोकांसाठी गायलं, खरखर त्याने गायलेली नाही. तेव्हा खरखर काढून गाणं पुढे आणणं हाच त्याचा मान, असं ही मंडळी म्हणतात. जगात या बाजूचा सर्वांत गाजलेला दाखला अमेरिकन लोकगायक वुडी गथ्रीचा आहे. १९४९च्या डिसेंबरात नेवार्क शहरात झालेला त्याचा छोटा कार्यक्रम एका विद्यार्थ्याने तारेवर मुद्रण करणाऱ्या यंत्राने उतरवून घेतला होता. ऐन जोमाची वर्षं मागे पडली होती. ज्या दुखण्याने पुढे त्याचं गाणं थांबवलं त्याचं निदान १९५२ साली व्हायचं होतं. केसासारखी बारीक तार ठिकठिकाणी मुडपलेली आणि ताणलेली, त्यामुळे सूर सतत डगमगत होते. केव्हिन शॉर्ट या गणितज्ञाच्या पद्धतीने तो डगमगाट क्षणाक्षणाने मोजून सरळ केला गेला. तबकडी २००७ साली निघाली आणि २००८ साली तिला ऐतिहासिक मुद्रणाचं ग्रॅमी मिळालं. तिथे नवा सूर कुणी घातला नाही, आधीचा हलणारा पाट तेवढा स्थिर केला. त्यामुळे पहिल्या भूमिकेचे लोकही या दाखल्यावर फारसं बोट ठेवत नाहीत.

आपल्याकडच्या टेपांवर मात्र हीच सफाई अडखळते, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे. गोंगाट काढणारं सॉफ्टवेअर आधी निव्वळ गोंगाटाचा एक तुकडा मागतं. गाण्याआधीची शांतता ऐकून ते काय वजा करायचं ते ठरवतं. जत्रेच्या टेपेवर शांतता नसतेच. बरं, तबकडीवरच्या ओरखड्यांची टकटक काढणारं फिल्टर हलगीच्या काठीची धार ओरखडाच समजतं आणि बोथट करतं. तुणतुण्याची तार मुद्दाम झणझणती ठेवलेली असते. फिल्टरला ती झणझण दोष वाटते. लांबून आलेली झील तर पार्श्वभूमीचा गोंगाट म्हणून सहज पुसली जाते. म्हाताऱ्या गायकाच्या टेपेत हे फार महागात पडतं. दम कमी पडला की तो ओळीचं शेपूट झीलकऱ्यांवर सोपवतो आणि पुढच्या ओळीसाठी श्वास गोळा करतो. झील पुसली की ऐकणाऱ्याला ओळ अर्धवट सोडलेली वाटते. फडाची पिढ्यान्‌पिढ्यांची सोय गायकाचा दोष होऊन बसते.

तिसरी भूमिका टेपेचा नादच सोडायला सांगते. गायक हयात असेल तर त्याच्याकडे जा, चांगल्या माईकवर पुन्हा गाऊन घ्या. जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह आता ‘परी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संग्रहाकडे आहे. तिथली माणसं त्या बायकांना पुन्हा गावी जाऊन भेटली, त्यांच्या ओव्या नव्याने चित्रित केल्या, सोबत त्यांचं आयुष्यही नोंदवलं. ओवीसारख्या घरगुती गाण्याला ही वाट शोभते. तमाशाचं तसं नाही. समोर लोक नसतील तर गणगौळणीतला मावशीचा विनोद पडतो, सवाल-जवाबाला धार येत नाही. कवलापूरच्या काळू-बाळूंची टायमिंग हसणाऱ्या गर्दीवर उभी होती. रिकाम्या खोलीत ती पुन्हा मागून मिळण्यातली नाही.

वेग आणि पट्टी

सर्वांत खोल पाणी वेगाच्या प्रश्नात आहे. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकावी हा नियम. सेल उतरलेले असतील तर मुद्रणाच्या वेळी ती हळू सरकते, आणि आज नेमक्या वेगाने वाजवली की गाणं पळतं, सूर चढतो. वेगात सहा टक्क्यांचा फरक पडला की सूर अर्ध्या स्वराने हलतो, म्हणजे पेटीवर लगतच्या पट्टीवर जातो.

मग मूळ वेग ओळखायचा कसा? विजेची गुणगुण टेपेत उतरलेली असते आणि ती ५० हर्ट्झची असायला हवी, हा सगळ्या जगात वापरला जाणारा आधार. पण जनरेटरची ५० कधी ५० नसते; आणि त्या वर्षांत आपल्या वीजजाळ्याची वारंवारिताही दीड-दीड हर्ट्झ खालीवर होई. दीड हर्ट्झ म्हणजे तीन टक्के, पाव स्वर. सेलवरच्या टेपेत तर हा आधार अपघातानेच मिळतो. दुसरा आधार पेटीचा. पेटीचे सूर दोन पट्ट्यांच्या मधे पडत असतील तर वेग चुकला आहे हे कळतं, मात्र वरच्या पट्टीकडे सरकवायचं की खालच्या, ते कळत नाही. धनगरी ओवीला पेटीच नाही.

अशा वेळी तंत्रज्ञ गायकाच्या जुन्या तबकडीकडे वळतो. ही बाई काळी पाचात गात असे, तेव्हा टेपही काळी पाचात आणू. सोपं वाटतं, पण घोळ नेमका इथेच आहे. वय झालं की गायक पट्टी उतरवतात; काळी पाचाची काळी चार होते, म्हणजे पेटीवर दोन घरं खाली. काळी चारात गायलेली टेप वेग वाढवून काळी पाचात नेली तर सुमारे १२ टक्के वेग चढतो. नऊ मिनिटांची लावणी आठ मिनिटांत संपते, ढोलकीची लय तरतरीत होते, आवाजातला जाडेपणा जातो, आणि साठीची बाई चाळिशीची ऐकू येते. कुणी लबाडी केलेली नसते. तबकडी खरी, पेटी खरी, हिशेबही खरा. उलट प्रकार त्याहून फसवा. बाईने पट्टी दोन घरं उतरवलेली आणि त्याच रात्री सेलही तेवढेच उतरलेले, तर आजची टेप हुबेहूब जुन्या पट्टीत वाजते आणि दुरुस्तीची गरज आहे हा संशयच कुणाला येत नाही.

यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, खात्रीचा आधार नसेल तर वेगाला हातच लावू नये. दुसरं म्हणतं, चुकीचा वेग तसाच ठेवणं हाही एक निर्णयच आहे, तेव्हा लय, श्वासांमधलं अंतर, बोलण्याचा पोत यांवरून अंदाज बांधावा आणि तो अंदाज लिहून ठेवावा. मला दुसरं मत पटतं, तेही एका अटीवर. अंदाज बांधताना त्या फडात बसलेल्या एखाद्या ढोलकीवाल्याला ऐकवावं. गाण्याची लय त्याच्या हातात असते आणि आपला हात कुठल्या लयीत चालत होता हे त्याला आकड्यांशिवाय सांगता येतं. एकट्या तबकडीवर भिस्त ठेवण्यापेक्षा ही साक्ष बरी. मात्र गायकाचं उतारवय ही दुरुस्त करायची चूक नाही, हे ज्याला मान्य नाही त्याच्याशी पुढची चर्चा होणं कठीण.

बक्षिसाचे पुकारे आणि बाजू उलटण्याची जागा

जाहीर कार्यक्रमाच्या टेपेत गाण्याबाहेरचं बरंच असतं. लावणी रंगात असताना मधेच पुकारा होतो : अमुक गावच्या अमक्या पाटलांकडून अकरा रुपये बक्षीस, कलावंतांच्या वतीने आभार. गायिका तेवढ्यापुरती थांबते, मान तुकवते, ढोलकी नुसती चाळवत राहते आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून उचलली जाते. संपादन करणाऱ्याचा हात आधी इथे जातो. पुकारे काढले तर गाणं सलग होतं.

ते ठेवावेत असं म्हणणारे दोन मुद्दे मांडतात. एक, कुठल्या गावचे, कुठल्या घरातले लोक कुठल्या वर्षी कुठल्या फडाला काय देत होते, याची दुसरी नोंद कुठेही नाही. दुसरा मुद्दा संगीताचा. त्या थांब्यात वयस्क गायिका विसावा घेते आणि पुढची ओळ कुठल्या अंगाने टाकायची ते ठरवते. पुकारा काढला तर तिने सलग नऊ मिनिटं दम धरला असं चित्र उभं राहतं, ते खोटं. उलट बाजूही विचारात घ्यायला हवी. पुकाऱ्यांत खासगी माणसांची नावं असतात. कुणाच्या आजोबांनी संगीत बारीत पैसे उडवले हे आज नातवंडांना रेडिओवरून ऐकायचं नसेल, तर त्यांचं म्हणणं सरळ धुडकावता येत नाही. बरेच जण म्हणून जपायच्या प्रतीत पुकारे ठेवतात आणि ऐकवायच्या प्रतीतून नावं वगळतात.

तसाच पेच कॅसेटची बाजू संपते तिथे येतो. पंचेचाळीस मिनिटं झाली, टेप थांबला, उलटून पुन्हा चालू होईपर्यंत अर्धा अंतरा गेला. फड हंगामभर तोच वग रोज रात्री उभा करत असल्याने दुसऱ्या गावच्या रात्रीचं ठिगळ सहज मिळू शकतं. एका घराकडे रांगेतली टेप आणि माईकवाल्याकडे वायरीवरची टेप, अशी एकाच रात्रीची जोडी सापडली तर दोन्ही मिळून लोकही येतात आणि शब्दही. फक्त दोन यंत्रांचे वेग वेगळे असल्याने त्या मिनिटामिनिटाला जुळवून घ्याव्या लागतात. एकाच रात्रीची जोडणी बहुतेकांना चालते. दुसऱ्या रात्रीच्या ठिगळावर मात्र एकमत नाही. ठिगळ लावलंच तर ते सांगावं, इतपतच सगळे बरोबर येतात.

नवी यंत्रं

गेल्या काही वर्षांत आवाज वेगळे काढणारे संगणकी नमुने आले. बीटल्सच्या चित्रफितींवर काम करताना विकसित झालेल्या तंत्राने जॉन लेननच्या एका घरगुती कॅसेटवरचा आवाज पियानोपासून सोडवला गेला आणि २०२३च्या नोव्हेंबरात त्यावरून नवं गाणं निघालं. लेननचा आवाज त्यात बनवलेला नव्हता, सोडवलेला होता. हा फरक या वादात कळीचा आहे.

सहज हाताशी येणारे बरेच नमुने मात्र पाश्चात्त्य गाण्यांवर शिकलेले, आणि गाण्याचे चार भाग करणारे : गळा, ड्रम, बेस आणि उरलेलं. लावणी या चार कप्प्यांत कोंबली की काय होतं ते ऐकून पाहावं. ढोलकीची शाई एका कप्प्यात आणि घुमारा दुसऱ्यात जातो, तुणतुणं ‘उरलेल्यात’ पडतं, टाळ्या हलगीला चिकटतात, झील गळ्यात मिसळते नाहीतर गडप होते. मराठी लोकवाद्यांवर शिकवलेला नमुना तयार झाला तर हे सुधारेल, असं तंत्रज्ञ म्हणतात, आणि ते शक्य आहे. पण अशा नमुन्याला शिकायला स्वच्छ आणि सुटीसुटी मुद्रणं लागतात. म्हणजे आज वाजवणाऱ्यांना बसवून, त्यांना बिदागी देऊन ती आधी करावी लागतील.

सोडवण्याच्या पुढची पायरी भरण्याची. फाटलेल्या जागी यंत्राने अंदाजाने आवाज घालणं एखाद्या क्षणाच्या खंडापुरतं फार पूर्वीपासून चालत आलं आहे. आख्खा शब्द, आख्खी ओळ गायकाच्या आवाजात बनवून बसवणं आता आवाक्यात आलं आहे, आणि इथे बहुतेक जण थांबतात. मी ज्यांचं या विषयावरचं वाचलं आहे त्यांत याची उघड बाजू घेणारा माणूस मला आढळला नाही. तरी मोबाइलवर फिरणाऱ्या ‘रिमास्टर’ गाण्यांत कुणी काय केलं हे सांगायला कुणी बांधील नाही.

टेप कुणाची

यात्रा कमिटीने सुपारी दिली, माईकवाल्याने उतरवून घेतलं, गायकाने गायलं, कुणा शाहिराने रचलं. चौघांचाही हक्क कुठे ना कुठे पोचतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा स्वतंत्र हक्क १९९४च्या दुरुस्तीने आला. मुदत आधी २५ वर्षांची होती, १९९९ साली ती ५० झाली. ध्वनिमुद्रणाची मुदत ६० वर्षांची. लोकगायकांशी लेखी करार करण्याची रीत जत्रेत नव्हती, त्यामुळे कागदावर बोट ठेवावं असं हाती काही नसतं.

२०१२च्या दुरुस्तीने आलेलं कलम ३८-बी आपल्या विषयाला थेट भिडतं. सादरीकरणाची मोडतोड झाली आणि त्याने कलावंताच्या नावलौकिकाला बाध येत असेल तर तो ती रोखू शकतो. मात्र संपादनासाठी, वेळेत बसवण्यासाठी किंवा निव्वळ तांत्रिक कारणाने केलेला बदल बाध आणणारा मानायचा नाही, असंही तिथेच म्हटलं आहे. वेग १२ टक्के चढवणं तांत्रिक की मोडतोड? झील पुसणं? कलमाच्या शब्दांवरून दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो. शिवाय लेखकाच्या अशाच हक्काबाबत, कलम ५७ मध्ये, तो वारसांनाही बजावता येतो असं स्पष्ट लिहिलं आहे. ३८-बी मध्ये वारसांचा शब्द नाही. ज्यांच्या टेपा आहेत त्यातले बहुतेक गायक आता हयात नाहीत, हे पाहता ही बारीकशी गोष्ट मोठी ठरते.

कायद्याबाहेरची वाट गुरुग्रामच्या संग्रहालयाने राजस्थान आणि गोव्यात चालून पाहिली : मुद्रणं ज्या समाजातून आली त्यांच्याकडे परत न्यायची आणि पुढचं त्यांच्याबरोबर ठरवायचं. माणदेशात या वाटेवर निदान दोन वेगवेगळे पेच आहेत. धनगरांच्या ओव्या आणि गजीचं गाणं देवाच्या नावाने आणि वाड्यावस्तीच्या मालकीचं. तिथे परवानगी एका घराची पुरत नाही. संगीत बारीचं उलट. तिथे गाणं एका बाईचं असतं, पण तिच्या पेशाला चिकटवलेला कलंक नातवंडांपर्यंत पोचतो. आईचं नाव अभिमानाने लावणारी घरं आहेत, तशीच ती टेप घराबाहेर जाऊ नये म्हणणारीही आहेत.

जे अजून ठरायचं आहे

घाईचा मुद्दा आधी. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ साली आणि त्यानंतर युनेस्को व आयएएसए यांनी मिळून असा इशारा दिला की २०२५च्या सुमारास चुंबकीय टेपा वाचवण्याची खिडकी बंद होऊ लागेल. फीत सडण्यापेक्षाही ती वाजवणारी चांगली यंत्रं, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे हात संपणं हे त्यांचं मुख्य कारण. ते वर्षही आलं. तेव्हा किती साफ करायचं हा वाद पुढे चालू ठेवून, आहे तसं उतरवून घेण्याचं काम आत्ता करावं, यावर आता कुणाचा विरोध दिसत नाही. पैसे कुणी घालायचे हे मात्र कुणी बोलत नाही. यात्रा कमिट्यांकडे पैसा असतो. जुन्या टेपेसाठी तो बाजूला काढायची प्रथा नाही.

सोबतच्या कागदाचा प्रश्न त्याच्याही मागे राहिला आहे. कुठल्या यंत्रावर उतरवलं, हेडचा कोन बदलला का, वेग किती हलवला आणि कशाच्या आधारे, काय कापलं, ठिगळ कुठे लावलं : एवढी एका पानाची नोंद टेपेसोबत राहिली तर पुढच्या माणसाला आपलं चुकलेलं मागे फिरवता येईल. आपल्याकडे फिरणाऱ्या प्रतींना बहुधा गायकाचं नावसुद्धा धड नसतं, गाव आणि साल तर लांबच.

आणि जी टेप घराला बाहेर काढायची नाही तिचं काय, याचं समाधानकारक उत्तर कुठल्याही भूमिकेकडे नाही. ‘जपा, पण कुणाला ऐकवू नका’ असं घरच्यांनी सांगितलं तरी टेप उतरवताना कुणाला तरी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावीच लागते. न ऐकता उतरवली तर फीत कुठे अडकली, कुठे आवाज गेला, ते कळत नाही. तो ऐकणारा घरातला असावा की बाहेरचा, बाहेरचा असला तर बाई असावी की पुरुष, त्याने काय नोंदवायचं आणि काय नाही, प्रत किती वर्षांनी आणि कुणाच्या सहीने उघडायची, हे दर घराशी बसून ठरवावं लागणार आहे.